चौथी खेप

जुलै सरत आलाय. गनिसनच्या माझ्या घरात
जेवणाच्या टेबलावर नकाशा, आणि तो गुंडाळू नये म्हणून
कोपऱ्यांवर तुरीचा डबा, मीठ, व्हर्नचा कॉफीचा मग
आणि माझा परवाना, अजून घडीही न पडलेला.

व्हर्न टटल आमच्या इस्पितळाची ॲम्ब्युलन्स चालवतो.
एकतीस सप्टेंबर त्यानं डोंगरात घालवलेत,
त्यातले बावीस हात हलवत परत.
हे तो असं सांगतो,
जसं कुणी सांगावं, बावीस वर्षं पगार वेळेवर झाला.

पेन्सिलीनं तो वारा काढतो:
पहाटे दरीत उतरणारा,
ऊन तापलं की उलटा चढणारा,
सांजेला पुन्हा खाली.
"डोळ्यांना फसवशील त्याच्या. नाकाला नाही."
म्हणून शिकारीचे कपडे घराबाहेर,
झाकणाच्या पेटीत, पाइनच्या डहाळ्यांत.
एका फोडणीचा हिंग
अर्धा डोंगर रिकामा करील.

मागच्या अंगणात फोमचा ठोकळा.
वीस यार्ड. तीस. चाळिसावर हात थरथरतो.
"मग चाळीस नाही," व्हर्न म्हणतो. विषय संपला.
लहानपणी ऐकलं होतं,
नेम धरताना फक्त डोळा दिसला पाहिजे.
इथे डोळ्याकडे बघायचंच नाही.
पुढच्या पायामागे ताटलीएवढी जागा,
आणि तो आडवा उभा नसेल
तर ताणलेली दोरी तशीच हळूहळू मागे द्यायची.
ओढणं चार महिन्यांत जमलं.
मागे देणं अजून शिकतेय.

गॅरेजमध्ये नळीतून एल्कची साद काढते.
सांबराच्या थोरल्या चुलत्याचा आवाज म्हणे,
माझ्या तोंडून येतो कुकरची शिट्टी अडकल्यासारखा.
शेजारचा कुत्रा ऐकून घेतो, मग उठून जातो.

रविवारी बाबांना फोन. बार्शीत रात्र.
जन्मात अंडं न खाल्लेला माणूस,
बत्तीस वर्षं वजनमापे निरीक्षक,
पारड्याखाली चिकटवलेली चिंच नखानं काढून
वाण्याच्याच हातावर ठेवणारा.
पापपुण्याची उत्तरं मी तयार ठेवली होती.
ते म्हणाले, "बाजारात तुरी."
मग जरा थांबून,
"किती भरेल?"
हाडं सोडून ऐंशी. नव्वदसुद्धा.
"तू किती उचलतेस?"
वीस, बावीस.
"गाडी कुठवर जाते?"
चार मैल अलीकडे.
"त्या व्हर्नचा गुडघा?"
वाईट.
"मग त्याला धरू नकोस."
पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज आला.
"चार खेपा. जाऊन-येऊन बत्तीस मैल. आणि ऊन.
तीन खेपा कुणीही करतं, केतू, अंगात वारं असतं.
चौथी कोण करणार ते आधी ठरव.
निम्मं तिथंच टाकून आलीस, तर
ते मापात पाप."

व्हर्नला हे इंग्रजीत सांगताना
शेवटचे दोन शब्द मला जमले नाहीत.
पण त्यानं खोडरबर घेतलं,
दूरच्या खोऱ्याभोवतीचं वर्तुळ पुसलं,
रस्त्यापासून दीड मैलावर नवं काढलं.
"इथे कमी असतात," म्हणाला.
"पण इथून आणता येतं."

मांसाला हवा लागावी म्हणून कापडी पिशव्या हव्यात.
दुकानात महाग. मी कपाटातून
चक्का टांगायचं मलमल काढलं, शिवायला बसले.
तीन झाल्या. चौथीला कापड पुरेना.
कितीदा धुतलं तरी आंबूस वास आहेच.
व्हर्नच्या नाकापुढे धरलं: हे चालेल?
त्यानं हुंगलं. हसला.
"पिशवी लागेल तेव्हा
त्याच्या नाकाचा प्रश्न उरलेला नसेल."

मग आम्ही दोघंही
बराच वेळ नकाशाच बघत राहिलो.